विमानतळावरील चालकविरहित गाडी

संपादक महोदय,

नवी मुंबई विमानतळाची टर्मिनल जोडण्यासाठी चालकविरहित गाडीची योजना आहे. अमेरिकेत टॅम्पा विमानतळावर अशी गाडी १९७१ मध्येच सुरू झाली. रबरी चाके, काँक्रीटचा मार्ग, बाजूच्या पट्टीतून वीज: तंत्र पारखलेले आहे. घोळ होतो तो दारांपाशी. बॅगेचा पट्टा अडकला की ‘दार बंद’ हा संकेत मिळत नाही, गाडी सुटत नाही, मागच्याही खोळंबतात. गर्दीच्या वेळी फलाटावर कर्मचारी हवाच. मार्ग उघडा असेल तर आपल्या पावसात ओल्या काँक्रीटवर रबराची पकड कमी होते, ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. निचरा चोख हवा. आणि दोन मार्गांमध्ये गाडी एकावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा नसेल, तर एकच बंद पडलेली गाडी सगळी सेवा रोखते. या सांध्याची जागा आराखड्यातच राखून ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– वाहतूक अभियंते, बेलापूर