एस्टोरियाला जाशील तेव्हा

तळेगाव ढमढेरे

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

लाँग वीकएंडला समुद्रावर जायचं म्हणतेस आणि लगेच पुढे म्हणतेस, "पण आई, तिकडे बघायला आहे काय? झाडं, पाऊस आणि वाळूत अडकलेलं एक मोडकं जहाज." तू ऑफिसात होतीस, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण ऑरेगन राज्यातल्या तुझ्या पोर्टलंडपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर असलेली ती क्लॅटसप काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, मी गेली काही वर्षं जमेल तिथून वाचते आहे. तिच्याबद्दल तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी मुलांसाठी त्या जहाजाचं सांगते. ते 'पीटर आयरडेल', चार डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. १९०६ च्या ऑक्टोबरात वादळानं किनाऱ्यावर लोटलं. माणसं सगळी वाचली, जहाज मात्र तिथंच राहिलं. त्याच्या जवळच फोर्ट स्टीव्हन्स हा जुना लष्करी तळ आहे. २१ जून १९४२ च्या रात्री एका जपानी पाणबुडीनं त्याच्यावर सतरा तोफगोळे डागले. आपली जागा शत्रूला कळू नये म्हणून तिथल्या अधिकाऱ्यानं उलट मारा करूच दिला नाही. नुकसान म्हणावं तर बेसबॉलच्या मैदानाचं थोडंसं. अर्णवला हे फार आवडेल, त्याला तिथं उभं करून सांग.

या सगळ्याच्या तिथं पाट्या आहेत, पर्यटक फोटो काढतात. मला सांगायचं आहे ते वेगळं, तिथल्या हिंदी मजुरांचं आणि त्यांनी उभ्या केलेल्या 'गदर' या क्रांतिकारी संघटनेचं. जवळजवळ शंभर वर्षं ते त्या काउंटीच्याही फारसं लक्षात नव्हतं.

एस्टोरिया हे काउंटीचं मुख्य गाव. आजही वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या बाजारगावाएवढी. कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथं ते वसलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं दोनच मोठे धंदे होते, सामन मासा डबाबंद करण्याचा आणि लाकूड कापण्याचा. गावाच्या पूर्वेला हॅमंड कंपनीची प्रचंड सॉ मिल होती. त्या गिरणीत आपली माणसं काम करत. बहुतेक पंजाबातले शीख, होशियारपूर-जालंधरकडचे शेतकरी, काही ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले. शंभरएक माणसं गिरणीजवळच्या बराकींत राहायची आणि गावकरी त्या वस्तीला 'हिंदू अॅली', म्हणजे हिंदूंची गल्ली, म्हणायचे. एखाददुसरं कुटुंबही होतं, बायकामुलांसकट. संध्याकाळी कुस्त्या व्हायच्या आणि त्या बघायला गोरे लोकही जमायचे.

मृणाल, हे सगळं कुठल्या दिवसांत चाललं होतं ते बघ. १९०७ च्या सप्टेंबरात उत्तरेला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये शेकडो गोऱ्यांच्या जमावानं हिंदी मजुरांना बिछान्यातून ओढून काढलं, मारलं आणि गावाबाहेर हाकललं. १९१० मध्ये पोर्टलंडला लागून असलेल्या सेंट जॉन्समध्ये तसंच झालं. एस्टोरियातली आपली माणसं मात्र टिकून राहिली. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिथले फिनिश लोक. गावाच्या पश्चिमेच्या युनियनटाउनमध्ये ते हजारोंनी होते. तेही परक्या सत्तेखालून आलेले, कारण तेव्हा फिनलंड रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. त्यातले बरेच समाजवादी होते. त्यांचं स्वतःचं दैनिक होतं, नाटकं होती, मोठा सभागृह होता. झारला शिव्या देणाऱ्या माणसाला इंग्रजांना शिव्या देणारा माणूस परका वाटला नसणार.

१९१३ साली या एस्टोरियात सभा भरली. पोर्टलंड, सेंट जॉन्स, नदीकाठच्या इतर गिरण्या, सगळीकडून मजूर आले. पोर्टलंडच्या गिरणीत राबणारे सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले, लाला हरदयाळ सचिव आणि पंडित काशीराम खजिनदार. नाव ठरलं 'हिंदी असोसिएशन ऑफ द पॅसिफिक कोस्ट'. उद्दिष्ट एकच, इंग्रजांना सशस्त्र लढ्यानं घालवून हिंदुस्थानात लोकशाही आणणं. दिवसाला दोन डॉलरच्या आसपास मजुरी मिळवणाऱ्या या माणसांनी महिन्याला एक डॉलर वर्गणी स्वतःवर बसवून घेतली. धर्माची चर्चा संघटनेत करायची नाही, धर्म ज्याचा त्याचा, हेही ठरवलं. शीख, हिंदू, मुसलमान एका बाकावर बसून हे ठरवतात, आणि तेही लाकडाचा भुसा अंगावर घेऊन दिवसभर राबल्यावर! मी इतकी वर्षं वर्गात इतिहास शिकवला, पण या एका ठरावाशी माझं मन जितकं थांबतं तितकं मोठमोठ्या तहांपाशी थांबत नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर', म्हणजे बंड, या नावाचं साप्ताहिक निघालं आणि संघटनेला तेच नाव पडलं.

गदर म्हटलं की आपल्याकडे सॅन फ्रान्सिस्को आठवतं, कारण छापखाना तिथं होता. ही गोष्ट जिथं उभी राहिली ती गिरणीवस्ती मागे पडली.

यात आपली मराठी माणसं कुठं होती ते तुला ठाऊक असायला हवं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तुझ्या ऑरेगनमध्येच, कोर्व्हॅलिसच्या शेतकी कॉलेजात शिकले आणि गिरण्यांतल्या पंजाबी मजुरांमध्ये त्यांनी संघटनेचं काम केलं. पुढे त्यांना देशात परतता येईना, तेव्हा ते मेक्सिकोत गेले, तिथं मक्यावर संशोधन केलं, आणि तिथला मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. आणि विष्णू गणेश पिंगळे आपल्या तळेगावचे. सिअॅटलला इंजिनिअरिंग शिकायला गेले, गदरमध्ये आले, १९१४ च्या अखेरीस परत येऊन रासबिहारी बोसांना मिळाले. हिंदी पलटणींत ठरलेला २१ फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीमुळे फसला, तरी ते थांबले नाहीत. मार्चमध्ये मीरतच्या छावणीत बाँबसकट पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात गदरच्याच कर्तारसिंग सराभांबरोबर त्यांना फाशी दिलं. सराभा एकोणीस वर्षांचे होते, पिंगळे सत्तावीस.

एस्टोरियाच्या गिरणीत काम केलेले आणखी एक, भगतसिंग थिंद. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते. ऑरेगनच्या न्यायाधीशानं त्यांना नागरिकत्व दिलं. फेब्रुवारी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मात्र सांगितलं की हिंदी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालाच्या आधारे इतर अनेकांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं गेलं. तू परवा ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल वैतागून बोललीस. तुझा वैताग खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्या रांगेची सुरुवात कुठं होते, हे तुला माहीत असावं असं मला वाटतं.

वस्ती का संपली? १९२२ मध्ये हॅमंडची गिरणी जळाली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला गावचा बाजारच आगीत गेला. ऑरेगनमध्ये तेव्हा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचा जोर होता, एस्टोरियातही. १९२३ मध्ये नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या परदेशी लोकांच्या जमीनमालकीवर बंदी घालणारा कायदा झाला. कामही नाही, जमीनही नाही, मग माणसं पांगली, बरीचशी कॅलिफोर्नियाकडे गेली. कुणी मागं राहिलं नाही, म्हणून आठवण सांगणारंही उरलं नाही. जोहाना ऑग्डेन नावाच्या ऑरेगनमधल्याच अभ्यासक बाईंनी जुनी वर्तमानपत्रं आणि जनगणनेचे कागद धुंडाळून हे पुन्हा उभं केलं. २०१३ मध्ये गावानं शताब्दी साजरी केली, शीख कुटुंबं लांबून आली, नदीकाठच्या बागेत फलक लागला. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत असंच मी मानते.

तेव्हा या वेळी नुसती समुद्रावर जाऊन येऊ नकोस. टेकडीवरचा उंच मनोरा मुलांना दाखवच, १६४ पायऱ्या आहेत आणि वरून लोक पूर्वी लाकडी विमानं सोडायचे. त्याच्यावरची चित्रं रेल्वे गावात येईपर्यंतची आहेत, आपली माणसं त्यात नाहीत. तिथून खाली पूर्वेला आल्डरब्रूककडे गाडी ने. मुलांना सांग, इथं गिरणी होती, आणि आजीच्या गावचा एक मुलगा ज्या संघटनेसाठी फासावर गेला ती या गावात जन्मली. नंतर बागेतला फलक शोध आणि त्याचा वाचता येईल असा स्पष्ट फोटो पाठव.

आणखी एक काम. तिथल्या लायब्ररीत १९१३ च्या मे-जूनमधले स्थानिक अंक बघायला मिळतात का विचार. फिनिश लोकांचं दैनिक 'तोव्हेरी' तिथूनच निघायचं. त्यात हिंदी मजुरांबद्दल काही छापलेलं सापडलं, तर प्रत काढून आण. फिनिश वाचणारं कुणी मिळवायची जबाबदारी माझी.

जावईबापूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी,
आई