जहाजं भरली, पण कर्ज उतरायचंय

मायामी,
मार्च २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून नीट बसून लिहिते आहे. प्रश्न अगदी बँकेच्या माणसाचा होता: कोरोनाच्या काळात ज्या क्रूझच्या धंद्यात सव्वा वर्ष गल्ल्यात काही आलंच नाही, त्याला कर्ज दिलं कोणी आणि कशाच्या तारणावर? दादाचं म्हणणं वेगळं होतं. आता क्रूझ जहाजं ओसंडून वाहतायत, मग शेअर घ्यायला काय हरकत आहे? दोघांचंही उत्तर एकाच कागदावर सापडतं, तेव्हा हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

आधी २०१९ चं चित्र. या धंद्यातल्या तीन मोठ्या कंपन्या, कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन, यांची मुख्यालयं इथे मायामीतच आहेत. त्या वर्षी कार्निव्हलची उलाढाल २०.८ अब्ज डॉलर होती आणि निव्वळ नफा ३ अब्ज. रॉयलचा नफा १.९ अब्ज, नॉर्वेजियनचा सुमारे ९३ कोटी डॉलर. जगभरात २ कोटी ९७ लाख लोक त्या वर्षी क्रूझवर गेले. कर्ज होतं, पण स्वस्त होतं. कार्निव्हलने तर त्याच वर्षी युरोपात १ टक्का व्याजाने रोखे विकले होते. हा आकडा लक्षात ठेवा.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधल्या योकोहामाच्या बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज अडकलं. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यातल्या सातशेहून अधिकांना कोरोनाची लागण झाली. १४ मार्चला अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने जहाजांना प्रवासी नेण्याची बंदी घातली आणि एका आठवड्यात सगळा धंदा ठप्प झाला. अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन पुन्हा पहिलं मोठं जहाज सुटलं ते जून २०२१ मध्ये. जगभरातल्या प्रवाशांचा आकडा २०२० मध्ये ५८ लाखांवर आला, २०२१ मध्ये ४८ लाखांवर.

जहाज उभं केलं म्हणून खर्च थांबत नाही, हे इथे राहून मला समजलं. इंजिन, जनरेटर, वातानुकूलन चालू ठेवावं लागतं, नाहीतर आतली हवा कोंदट होऊन गालिचे आणि गाद्यांना बुरशी धरते. विमा भरावा लागतो, नांगरायला जागा लागते, जहाज सुरक्षित असल्याचा दाखला देणाऱ्या वर्गीकरण संस्थेच्या तपासण्या चुकत नाहीत. आणि माणसं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यांपासून दूर सुमारे शंभर जहाजं थांबली होती आणि त्यांवर जवळपास ८० हजार कर्मचारी होते. उतरायला परवानगी नाही, विमानं बंद, अनेकांचे करार संपून पगारही थांबलेले. या धंद्याच्या नुकसानीविषयी बोलताना ही माणसं हिशेबात येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. तिकडे एकट्या कार्निव्हलचे महिन्याला ५० कोटी डॉलरच्या आसपास जळत होते.

सरकारने मदत केली का? अमेरिकेने मार्च २०२० मध्ये उद्योगांसाठी मोठी तरतूद केली, पण अट अशी की कंपनी अमेरिकेत नोंदलेली हवी. त्या वेळी कार्निव्हल नोंदलेली होती पनामात, रॉयल लायबेरियात, नॉर्वेजियन बर्म्युडात. वर्षानुवर्षं अमेरिकेचा प्राप्तिकर वाचवणारी ही सोय ऐन संकटात आडवी आली आणि दार बंद झालं. माझ्या मते ते योग्यच झालं. कर एकीकडे वाचवायचा आणि बुडायची वेळ आली की दुसऱ्याच्या तिजोरीकडे बघायचं, हे चालायला नको. युरोपचं वेगळं. जर्मनी, इटली, फ्रान्स, फिनलंड इथल्या निर्यातीच्या कर्जांची हमी घेणाऱ्या संस्थांनी नव्या जहाजांच्या कर्जांच्या मुद्दलाचे हप्ते पुढे ढकलून दिले. त्यात आपापले जहाजबांधणीचे कारखाने वाचवण्याचा हेतू स्पष्ट होता.

मग उरला बाजार. आता तुमचा प्रश्न. एप्रिल २०२० मध्ये कार्निव्हलने ४ अब्ज डॉलरचे रोखे विकले, साडेअकरा टक्क्यांनी. मघाचा १ टक्का आठवा. तारण म्हणून जहाजं दिली. शिवाय ८ डॉलर दराने नवे शेअर काढले, जो शेअर जानेवारीत ५० डॉलरच्या आसपास होता. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने त्या पडत्या भावात ८.२ टक्के हिस्सा घेतला. मे महिन्यात रॉयलने ३.३२ अब्ज डॉलर उचलले, १०.८७५ आणि ११.५ टक्क्यांनी, आणि त्यासाठी २८ जहाजं गहाण टाकली. त्या जहाजांची पुस्तकी किंमत होती सुमारे १२ अब्ज! बाबा, तुम्ही तरी इतकं मार्जिन, म्हणजे कर्जाच्या वर इतकं जादा तारण, कधी मागितलं असतंत का? पण समोरच्याला ठाऊक होतं की बुडीत धंद्याचं जहाज विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळणार नाही. नॉर्वेजियनने त्याच महिन्यात आपल्याच निवेदनात लिहिलं की धंदा चालू राहील याबद्दल मोठी शंका आहे, आणि लगोलग दोन अब्जांहून अधिक उभेही केले.

छोट्यांना हे जमलं नाही. स्पेनची पुलमंतूर जून २०२० मध्ये न्यायालयात गेली, ब्रिटनची क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस जुलैत बंद पडली, आणि आशियातली गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतल्या आपल्या जहाज कारखान्यासकट कोसळली. तुर्कस्तानात आलियाच्या किनाऱ्यावर 'कार्निव्हल फँटसी'सारखी मोठ्या कंपन्यांची जहाजंही तोडायला ओढून ठेवलेली होती. त्यातली काही तर संकट आलं नसतं तर आणखी काही वर्षं सहज चालली असती.

आमच्या ऑफिसातून जहाजांना चादरी-टॉवेल पुरवले जातात हे तुम्हाला माहीत आहेच. बिलांची फाइल माझ्याकडे. आमच्या एका गिऱ्हाईक कंपनीने त्या काळात तीस दिवसांची बिलं कित्येक महिने लांबवली. उचल दोन्हीकडून होत होती: वरून रोखेधारकांकडून साडेअकरा टक्क्यांनी आणि खालून आमच्यासारख्या पुरवठादारांकडून बिनव्याजी. रोखेधारकाला जहाज तारण मिळालं. आम्हाला फोनवर "पुढच्या आठवड्यात" एवढंच ऐकायला मिळालं.

प्रवाशांचे आगाऊ पैसेही तसेच. सफरीचे पैसे महिनोन्महिने आधी भरलेले असतात. सफर रद्द झाली तेव्हा कंपन्यांनी सांगितलं की रोख परत घ्या, नाहीतर सव्वापट किमतीचं पुढच्या सफरीचं क्रेडिट घ्या. पुष्कळांनी क्रेडिट घेतलं, आणि तेवढी रोख कंपनीत राहिली. ही तरतूद हुशारीची होती, पण तो बोजा नंतरच्या उत्पन्नावर पडणार हे उघड होतं.

तीन वर्षांचा तोटा एकत्र धरला, २०२० ते २०२२, तर कार्निव्हल जवळपास २६ अब्ज, रॉयल १३ अब्जांच्या वर, नॉर्वेजियन ११ अब्जांच्या जवळ. तिन्ही मिळून सुमारे ५० अब्ज डॉलर.

दादाने मात्र खरं पाहावं ते ऑक्टोबर २०२२. तोवर जहाजं पुन्हा धावू लागली होती, मायामीच्या धक्क्यावर रांगा होत्या. आणि त्याच महिन्यात कार्निव्हलचा शेअर ७ डॉलरच्याही खाली गेला, २०२० च्या तळापेक्षाही खाली. माणसं परत आली होती, पण जहाजं अजून पूर्ण भरत नव्हती, युक्रेनच्या युद्धाने इंधन महाग झालं होतं आणि फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, व्याजदर चढवत होती. एवढं कर्ज डोक्यावर असणाऱ्याला व्याजवाढीसारखं दुसरं भय नाही.

२०२३ चं कार्निव्हलचं नफा-तोटा पत्रक मी छापून टेबलावर ठेवलं आहे. उलाढाल २१.६ अब्ज, म्हणजे २०१९ पेक्षा जास्त. धंद्यातून मिळालेला नफा, व्याजाच्या आधीचा, जवळपास १.९६ अब्ज. त्याच्या खालची ओळ: व्याज २.०७ अब्ज. २०१९ मध्ये त्याच ओळीत फक्त २०.६ कोटी होते. दहापट! सगळ्या जहाजांनी वर्षभर राबून जे कमावलं ते त्या एका ओळीने खाल्लं आणि वर ७.४ कोटींचा तोटा दाखवला. त्या वर्षी जगात ३ कोटी १७ लाख लोक क्रूझवर गेले, २०१९ चा विक्रम मोडून. बातमीत तेवढंच येतं.

शनिवार-रविवारी बंदरावर मोठं जहाज लागतं तेव्हा वेग बघण्यासारखा असतो. पहाटे दोर बांधले जातात, दहाच्या आत जुने प्रवासी उतरतात, दुपारपासून नवे चढायला लागतात, आणि मधल्या वेळात फोर्कलिफ्ट पॅलेटमागून पॅलेट पोटात ढकलत असतात. आमचे गठ्ठेही त्यातच. संध्याकाळी जहाज बाहेर. खोलीत दोन माणसं धरून क्षमता मोजतात, त्यामुळे तिसरं-चौथं मूल आलं की भरणा शंभर टक्क्यांच्या वर जातो. रिकामी खोली म्हणजे कायमचं गेलेलं उत्पन्न, म्हणून शेवटच्या क्षणी भाव पाडूनही ती भरतात. तेव्हा भरलेल्या जहाजाकडे बघून भाव कळत नाही.

भावाच्या बाबतीत रॉयल पुढे गेली. बहामातल्या कोकोके बेटावर त्यांनी २०१९ मध्ये स्वतःची जागा उभी केली, जिथे प्रवाशाचा जमिनीवरचा खर्चही त्यांच्याच खिशात येतो. जानेवारी २०२४ मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' इथून मायामीतूनच पहिल्या सफरीला निघालं, सुमारे २,४८,६०० ग्रॉस टनांचं. २०२३ मध्ये त्यांचं दर प्रवासी-दिवसाचं निव्वळ उत्पन्न २०१९ पेक्षा १३ टक्क्यांहून अधिक होतं आणि नफा १.७ अब्ज, २०२४ मध्ये तो २.९ अब्जांवर गेला. जुलै २०२४ मध्ये त्यांनी लाभांश पुन्हा सुरू केला.

कार्निव्हलने २०२४ मध्ये २५ अब्जांच्या उलाढालीवर १.९ अब्ज नफा मिळवला. ऐकायला छान आहे. पण २०१९ मध्ये एका शेअरमागे ४.३२ डॉलर कमाई होती, २०२४ मध्ये १.४४. एक तृतीयांश. कारण व्याज, आणि संकटात नवे शेअर काढून मालकीचे तुकडे जवळपास दुप्पट झाले. नॉर्वेजियनचंही तेच: ४.३० वरून १.८९. रॉयल एकटी ८.९५ वरून १०.९४ वर चढली. म्हणजे बाबा, वाचवलं ते जुन्या शेअरधारकाच्या हिश्श्याने आणि येणाऱ्या वर्षांच्या नफ्याने. बाहेरून कोणी दान दिलं नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. जर्मनीतला पापेनबुर्गचा मायर वेर्फ्ट हा कारखाना सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारला वाचवावा लागला. केंद्र आणि राज्य सरकारने मिळून सुमारे ८० टक्के हिस्सा घेतला. करार संकटाच्या आधीच्या भावाचे, पोलाद आणि वीज नंतरच्या भावाची, आणि किमतीचे ८० टक्के जहाज ताब्यात दिल्यावरच मिळणार. कंपन्या सावरल्या तेव्हा कारखान्याचा जीव गेला होता.

दादाला सांगा, प्रवाशांचे आकडे बघून शेअर घेऊ नको. कार्निव्हलचं कर्ज ३५ अब्जांहून अधिक होतं, ते २०२४ अखेर २७.५ अब्जांवर आलं आहे, हे काम त्यांनी मनापासून केलं आहे. पण २०१९ मध्ये ते सुमारे साडेअकरा अब्ज होतं. लाभांश २०२४ अखेरही बंदच होता. व्याजाची ओळ २०२४ मध्ये १.७६ अब्जांवर उतरली. ती दर तिमाहीला किती उतरते ते त्याने बघावं, मग ठरवावं.

वार्षिक अहवाल मेलवर पाठवते आहे. परतफेडीच्या तारखांचा तक्ता आहे तेवढं पान तुम्ही छापून घ्या आणि तुमचं मत कळवा, मला ते हवंच आहे. आईला नमस्कार, दादा-वहिनींनाही सांगणे.

तुमची,
धाकटी