रविवारी बॉटची बैठक : लॉग घेऊन या

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता बेळगावात टिळकवाडीत, नेहमीच्या जागी बसायचं आहे. विषय एकच : स्लॅकवरचे (ऑफिसातल्या निरोपांचं ॲप) आपले बॉट, म्हणजे आपोआप काम करणारे प्रोग्राम, आणि त्यांच्या अडचणी. खानापूर-निपाणीहून येणाऱ्यांसाठी साडेदहापर्यंत थांबू, मग सुरू.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी मी केलेल्या बॉटने एकच रजेचा अर्ज चारदा नोंदवला. कामगार बिचारा चार दिवस रजेवर दिसला. कारण साधं होतं. घटना, म्हणजे स्लॅकवर काही झाल्याची सूचना, बॉटला पाठवल्यावर स्लॅक ३ सेकंद उत्तराची वाट बघतं, नाही आलं तर तीच घटना आणखी ३ वेळा पाठवतं : लगेच, १ मिनिटाने, ५ मिनिटांनी. माझा बॉट आधी शीटमध्ये लिहायचा, मग उत्तर द्यायचा. आता आधी २०० ('मिळालं' असं सांगणारा कोड) पाठवतो, काम मागून करतो आणि घटनेचा आयडी तपासून दुबार आलेली सोडून देतो. हा बदल सगळ्यांसमोर करून दाखवणार आहे.

येताना :
- लॅपटॉप चार्ज करून आणा, विजेचा भरवसा नाही.
- बिघडलेल्या बॉटचा लॉग (त्याने काय काय केलं याची नोंद) हवाच. 'चालत नाही' एवढ्यावर काही सापडत नाही.
- बॉट गप्प असेल तर आधी त्याला त्या चॅनलमध्ये घेतलंय का बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

टोकन किंवा साइनिंग सीक्रेट (बॉटच्या गुप्त किल्ल्या) गटावर टाकू नका, स्क्रीनशॉटमध्येसुद्धा नको. चुकून टाकलं असेल तर मेसेज पुसून भागत नाही, आजच टोकन बदला.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, चहा-नाश्त्याचं सांगायचं आहे.