स्प्रे स्कर्ट आणि वेटसूट परत घ्या, क्रेडिट नोट नको

नमस्कार कस्टमर केअर,

कयाकमधे पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती घालायचा स्प्रे स्कर्ट आणि थ्री एमएमचा फुल वेटसूट, दोन्ही परत न्या आणि पैसे खात्यात टाका. तुमची क्रेडिट नोट घेऊन काय करू, परत तुमच्याचकडून घ्यायचं का?

ऑर्डरच्या वेळी चॅटवर मी कॉकपिटच्या, म्हणजे कयाकमधे बसायच्या भोकाच्या, कडेचं बाहेरून माप दिलं होतं, लांबी 82 सेंटीमीटर, रुंदी 42, त्यावर तुमचा माणूस विचारतो "सर, कंबर किती?" अहो कंबर वरच्या टनेलसाठी, म्हणजे कमरेभोवतीच्या नळीसाठी लागते, खालचा डेक, म्हणजे कॉकपिट झाकणारा भाग, कयाकच्या कडेवर घट्ट बसला नाही तर कंबरेचं माप घेऊन काय उपयोग. आलेला स्कर्ट कुठल्यातरी मोठ्या कॉकपिटचा आहे. फोटोत निओप्रीनचा, म्हणजे रबरी कापडाचा डेक, हातात पूर्ण नायलॉन. पाळोळ्याच्या किनाऱ्याला कमरेएवढ्या पाण्यात बसून बघितला, मागून अडकवला, पुढे ताणला, तरी मधे खड्डा पडून पाणी साचतंय, आणि बाजूने एक बऱ्यापैकी लाट आली तर रबर सुटून सगळं पाणी मांडीवर.

आणि ग्रॅब लूप! कयाक उलटली की तो पट्टा ओढूनच स्कर्ट काढायचा असतो ना, तो दोनचारदा ओढला तर एका बाजूची शिवण उसवली. फोटो जोडलाय. बाकी सगळं सोडून देईन एकवेळ, हे नाही.

वेटसूट तर मी मागितलाच नव्हता, मी पॅडलिंगला काय घालायचं विचारलं तर "सेफ्टीसाठी मस्ट आहे सर" म्हणून गळ्यात मारलात. कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे घ्यायचे हे बरोबरच, पण गोव्यात थंडीतसुद्धा पाणी 26-27 डिग्री असतं, एप्रिलच्या उन्हात निओप्रीन घालून वल्ही मारली तर माणूस शिजेल. इथे फुल हाताचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा पातळ टी-शर्ट, लवकर सुकणारी पँट, आणि दुपारी वायव्येचा वारा सुटतो तेव्हा एक पातळ जॅकेट, बास. हे सांगितलं असतं तर तेच घेतलं असतं की तुमच्याकडून.

आता म्हणताय "मीठ लागलंय, वापरलेला माल परत घेत नाही." वेटसूट तर टॅगसकट पडलाय. आणि स्कर्ट घरात ताणून बघता येतो हो, पण लाट काय हॉलमधे येते?

आठवड्यात रिफंड आला नाही तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवतोय, चॅटचे स्क्रीनशॉट तयार आहेत. पिकअप काणकोणला चावडीवरून ठेवा, तुमचा कुरियरवाला आत घरापर्यंत येतच नाही.