डिफेंडरचे पाय हलले तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या भागात शालेय बास्केटबॉल स्पर्धेत मुलींचा सामना पाहिला. शेवटच्या मिनिटाला एक मुलगी ले-अपसाठी, म्हणजे बास्केटजवळ जाऊन चेंडू टाकायला, आत घुसली. समोरची डिफेंडर, म्हणजे बचाव करणारी खेळाडू, तिच्याकडे तोंड करून आधीच येऊन थांबली होती, अर्धं पाऊल मागे सरत होती. धडक थेट छातीवर बसली, दोघी आपटल्या. पंचांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून ब्लॉकिंग दिलं, म्हणजे वाट अडवल्याचा फाउल डिफेंडरवर. बाकावरून, गर्दीतून एकच गलका, ‘पाय हलत होते तिचे!’ डिफेंडरचा तो पाचवा फाउल, म्हणजे सामन्यातून बाद. टॉवेलात तोंड खुपसून ती बाहेर बसली.

मी अनेक वर्षं जिल्हा पातळीवर शिट्टी वाजवली आहे, म्हणून हे मनाला लागलं. डिफेंडरने पुतळ्यासारखं उभं राहावं असं फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमावलीत कुठेच नाही. कलम ३३ वाचा. समोरच्याकडे तोंड आणि दोन्ही पाय जमिनीवर, एवढं झालं की जागा त्याची. पुढे तो आडवा सरकेल, मागे जाईल, सरळ वर उडीही मारेल. त्यानंतर धडक छातीवर आली तर चार्जिंगच, म्हणजे फाउल धडकणाऱ्या चेंडूवाल्याचा. चेंडूवाल्याला वेळ आणि अंतर देण्याचं बंधनही डिफेंडरवर नाही. मात्र चेंडूवाला हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत शिरलात तर फाउल तुमचाच.

निर्णय अवघड असतो, हे मी जाणतो. २०१८च्या एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात ३६.४ सेकंद उरली असताना डिफेंडर लेब्रॉन जेम्सच्या बाजूने दिलेलं चार्जिंग चित्रफीत पाहून ब्लॉकिंग झालं. आमच्या पंचांना अशी सोय कुठली? त्यांनी निदान चेंडूवरची नजर काढून डिफेंडरवर लावावी. तो आधी पोचला की नाही, हे तिथेच दिसतं.

आणि बास्केटखालचं अर्धवर्तुळ! त्यात पाय असलेल्या डिफेंडरवर हवेतला खेळाडू नुसता आदळला तर चार्जिंग देत नाहीत. फिबाने ते २०१० साली आणलं, आमच्या मैदानावर अजून आखलेलं नाही. पंच अंदाजाने ठरवतात. सव्वा मीटर दोरी आणि खडूचा तुकडा, एवढंच लागतं. येत्या रविवारी उपांत्य सामने आहेत. आयोजकांनी शनिवारी संध्याकाळी ते आखून घ्यावं, आणि त्याच वेळी प्रशिक्षकांना बोलावून कलम ३३ मोठ्याने वाचून दाखवावं.

आपला,
एक माजी पंच, नागपूर