रांगेत मध्ये घेणाऱ्याने आधी स्वतः मागे जावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण तसं छोटंसं आहे, पण पंधरा दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. मी भांडुपला राहते, नोकरी नरिमन पॉइंटला, म्हणजे सकाळी शेअर रिक्षाने स्टेशन, लोकलने सीएसएमटी आणि तिथून भाटिया बागेतून बस. रोज दोन-तीन रांगा असतातच. इतक्या वर्षांत रांगेत घुसणाऱ्यांवर चिडून झालं, तोंड वाजवून झालं, पण आज मला घुसणाऱ्याबद्दल बोलायचंच नाहीये. त्याला मध्ये घेणारा जो असतो ना, तो सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. त्याच्याबद्दल बोलायचंय.

झालं असं की त्या दिवशी बसला तीसेक माणसं होती. मे २०२५ मध्ये बेस्टचं कमीत कमी तिकीट साध्या बसला ५ चं १० आणि एसीला ६ चं १२ झालं, तरी रोज टॅक्सी कुणाला परवडणार, त्यामुळे रांग काही कमी झाली नाही, आणि आता बऱ्याच बस छोट्या असतात, म्हणजे आपला पंचविसावा नंबर असेल तर चढायला मिळेल की नाही याचा भरवसा नाही. पुढून चौथ्या नंबरला एक गृहस्थ उभे होते, चाळिशीचे असतील, गळ्यात ऑफिसचं कार्ड. तेवढ्यात त्यांच्या ऑफिसमधले तिघं आले, यांनी लांबूनच हात केला, या या, आणि तिघं सरळ यांच्या पुढे येऊन उभे राहिले. मागून कुरकुर झाली तर म्हणाले, अहो माझ्याबरोबरच आहेत.

पाचव्या नंबरला एक आजोबा होते, हातात जेवणाच्या डब्याची कापडी पिशवी. ते चिडले नाहीत की आवाज चढवला नाही. त्या गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "साहेब, तिघांना घेतलंत, चांगलं केलंत, आता तुम्ही मागे जा. माझ्या मागे नाही हां, त्या शेवटच्या बाईंच्या मागे." दोन सेकंद कुणाला काही कळेना आणि मग अख्खी रांग हसायला लागली, ते तिघं मित्रसुद्धा. एक जण तर बोलला, जा ना सर, आम्ही जागा पकडतो तुमची. आता एवढ्या लोकांसमोर काय करणार, ते गेले बिचारे मागे, अगदी शेवटी. बस आली, मित्र चढले, आजोबा चढले, मी पण चढले, आणि दरवाजा बंद झाला तेव्हा ते गृहस्थ स्टॉपवरच राहिले होते, आतून तिघं त्यांना हात करतायत. ऑफिस येईपर्यंत बसमध्ये हसणं चालू होतं.

पण हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आजोबा बोलले त्यात गंमत कमी आणि हिशोब जास्त होता. मागच्या पंचवीस-सव्वीस जणांच्या तीन-तीन जागा गेल्या आणि ज्याने त्या वाटल्या त्याचं काय गेलं? त्याचा फक्त थँक्यू झाला. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. ओळखीच्या माणसाला मदत केली असं त्याला मनापासून वाटतं, त्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणूनच हे बंद होत नाही. घुसणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण चुकीचं करतोय.

असंच एका सरकारी दवाखान्यात बघितलं, नाव लिहीत नाही कारण सगळीकडे तेच आहे. सासूबाईंना शुगरसाठी दर महिन्याला दाखवायला न्यावं लागतं. केसपेपरची खिडकी आठला उघडते पण माणसं सहापासून येतात, आणि म्हाताऱ्या माणसांना दोन तास उभं राहवत नाही म्हणून सगळे आपापल्या नंबरला काहीतरी ठेवून पायऱ्यांवर जाऊन बसतात. पाण्याची बाटली, फाईल, पिशवी, कुणाची छत्री. सासूबाईंनी डाव्या पायातली चप्पल ठेवली होती. साडेसातच्या सुमारास दवाखान्यातलं एक कुत्रं आलं आणि बरोबर तीच चप्पल तोंडात धरून गेटकडे पळालं. मी त्याच्या मागे, सासूबाई एका पायाने उभ्या, आणि रांगेत तोवर जोरदार वाद सुरू, की चप्पलच नाही तर नंबर राहिला का गेला. मागच्या बाई बाटली पुढे सरकवायला लागल्या. शेवटी वॉचमनने निकाल दिला, "कुत्र्याने चप्पल नेली, नंबर नाय नेला." चप्पल मिळाली, पट्टा तेवढा चावलेला होता.

सगळे हसले, मागच्या बाईंनीच सासूबाईंना बसायला पेपर दिला. आणि नंतर आठ वाजता खिडकी उघडली तेव्हा बाजूच्या दारातून एक जण आत आला, हातात चिठ्ठी, आतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. त्याचा केसपेपर पहिला निघाला. मग आणखी दोघांचे. एका चप्पलसाठी भांडणारे आम्ही सगळे गप्प. मी पण गप्प, कारण पुढच्या महिन्यात परत तिथेच यायचं असतं. आतून चिठ्ठी घेणारा आणि स्टॉपवर हात करणारा यांच्यात मला तरी काही फरक दिसत नाही, दोघंही दुसऱ्याच्या वेळेवर उदार होतात. फक्त आतल्याला मागे जा म्हणायला तिथे आजोबा नव्हते.

आता कुणी म्हणेल मुंबईत गर्दीच एवढी की हे चालायचंच. मला ते अजिबात पटत नाही. लेडीज डब्यात येऊन बघा. तिथे "कुठे उतरणार?" एवढ्या एका प्रश्नावर अख्खा डबा चालतो. भांडुपला चढलं की आधी विचारायचं. २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरला उतरणाऱ्या खूप असतात, मग एखादी म्हणते घाटकोपर, पण मी सीट दिलीय, त्या निळ्या ओढणीवालीला विचारा. मग निळ्या ओढणीवालीला विचारायचं, ती म्हणते मी दादर, हां चालेल, तुम्ही माझ्या नंतर. हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, टीसी येऊन बघत नाही, तरी सगळ्या पाळतात. आणि उठताना कुणी सांगितलेली सीट आपल्या मैत्रिणीला द्यायला गेली तर चारी बाजूंनी आवाज येतो, ओ ताई, ती सीट दिलेली आहे. पण त्याच डब्यात एखादी पोटुशी बाई चढली की बसलेली स्वतः उठते, तिला बसवते आणि सीएसएमटीपर्यंत स्वतः उभी राहते. मला तरी याला देणं म्हणावंसं वाटतं, कारण दिल्यावर तिचे पाय दुखतात.

हे लिहिताना मला माझंही सांगितलं पाहिजे, नाहीतर पत्र खोटं होईल. गणपतीला गावी जायला कोकणच्या गाड्यांचं रिझर्वेशन म्हणजे काय असतं ते चाकरमान्यांना सांगायला नको. आधी १२० दिवस अगोदर बुकिंग मिळायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं, पण काउंटरवर रात्रभर थांबणं काही चुकलं नाही. तिथे लोकांनीच एक वही केलेली असते, कुणीतरी पोरगा नंबर लिहून घेतो आणि बाराला, तीनला, पाचला हजेरी, जो नसेल त्याचं नाव काट. माझा नंबर अकरावा होता. सकाळी खिडकी उघडायच्या थोडं आधी माझी नणंद आली, रात्रभर घरी झोपून, आणि मी तिला माझ्या पुढे घेतलं. वहीवाला काही बोलला नाही, मी वयाने मोठी म्हणून असेल. एका फॉर्मवर सहा जणांचं तिकीट निघतं, तिचे सहा, माझे पाच. माझ्या मागे बारावा एक मुलगा होता, कॉलेजातला असेल, रात्री मच्छर चावतात म्हणून त्याने मला अगरबत्ती आणून दिली होती. आमची दोघींची कन्फर्म झाली, त्याला वेटिंग आलं. तो काहीच बोलला नाही, फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि गेला. नणंदेला नसतं घेतलं तर त्याला मिळालंच असतं असं ठामपणे कोण सांगणार, गाड्या काही मिनिटांत भरतात. पण अकरावा नंबर माझा होता, तो मी तिला देऊन स्वतः शेवटी जाऊन उभी राहू शकत होते. तेव्हा ते सुचलं नाही. आजोबा बोलले तेव्हा ती फॉर्मची घडी डोळ्यांसमोर आली.

म्हणून सांगते, कुणाला मध्ये घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण आपली जागा द्या आणि आपण शेवटी जा. खरंच अडचण असेल, ताप असेल, लहान मूल असेल, तर मागे वळून सगळ्यांना मोठ्याने विचारा. मी बघितलंय, विचारलं तर सहसा लोक नाही म्हणत नाहीत, न विचारता गृहीत धरलं की चिडतात. आणि दवाखान्यांनी एवढं करावं, सहा वाजता वॉचमनच्याच हातून नंबरची छापील कूपनं द्यावीत, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना वेगळी खिडकी ठेवावी आणि ते बाजूचं दार खिडकीच्या वेळेत बंद ठेवावं. यात खर्च असा काय आहे? आमच्या सासूबाईंना अनवाणी उभं राहावं लागणार नाही.

नणंदेला मी परवाच फोन केला, म्हटलं यंदा वहीत तुझं नाव तुझं तू लिही, हजेरीला ये, थर्मासमधून चहा मी आणते, चटई पण आणते. ती जरा फुगलीय. बघू, आठवड्याभरात बोलेल.

कळावे,
आपली एक वाचक,
भांडुप (पश्चिम), मुंबई