लेकीच्या जिल्ह्यातल्या सोप्या वाटा

प्रेस्टन
९ मार्च

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "तुम्ही खुशाल डोंगरात फिरा, मी गाडीत बसेन पोथी वाचत." तेव्हा ईरा रडत होती म्हणून मी काही बोलले नाही, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. एवढा सातासमुद्रापलीकडे प्रवास करायचा आणि पार्किंगमध्ये बसायचं? फोनवर आई मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहितेय. बाबा मोठ्याने वाचतील, म्हणजे तिला ऐकावंच लागेल.

आई, गेल्या उन्हाळ्यापासून मी आणि विनय ईराची बाबागाडी ढकलत इथल्या वाटा पालथ्या घालतोय. त्यातून एक हिशेब पक्का झालाय. बाबागाडी जिथून सहज जाते, तिथून तुझा गुडघाही जाईल. दोघांनाही पायऱ्या, मोठे दगड आणि उभा उतार चालत नाही.

लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे इंग्लंडमधला तळ्यांचा मुलूख, आमच्यापासून गाडीने तासाभरावर. बाबा त्याला "लेकीचा जिल्हा" म्हणतात ते मी इथे सगळ्यांना समजावून थकले. गंमत म्हणजे या जिल्ह्यात नावाने 'लेक' असं एकच आहे, बॅसनथ्वेट लेक. बाकीच्यांची नावं मिअर, वॉटर नाहीतर टार्न (डोंगरातलं लहान तळं). म्हणजे आपल्या घरासारखंच, लेक एकच आणि बाकी सगळे दादा. डोंगरांची धास्ती तर मुळीच नको. इंग्लंडमधलं सगळ्यांत उंच शिखर, स्काफेल पाइक, इथलंच, आणि त्याची उंची ९७८ मीटर. कळसूबाई १६४६. पण मुद्दा उंचीचा नाही, तळाचा आहे. इथल्या दऱ्या हिमनद्यांनी खरवडून काढलेल्या. कडा उभ्या, तळ रुंद आणि सपाट, आणि त्या तळात लांबट पाणी साचलेलं. त्यामुळे शिखराकडे मान वर करून बघत, काठाकाठाने सपाटीवरून चालता येतं. चढायचं कुणी सांगितलंय?

बाबा, आता तुमच्या मोजणी खात्याचा विषय. इथल्या पायवाटा बऱ्याचदा खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी तर एखाद्याच्या गोठ्याला खेटून जातात, आणि तरी कुणी अडवत नाही. ही सगळी वहिवाट. ती कायद्याने नोंदलेली आहे आणि नकाशावर छापलेली आहे. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी मोजणी खात्याचा, १:२५,००० चा नकाशा घेतला की हिरव्या तुटक रेघा म्हणजे लोकांचा हक्काचा रस्ता. जागेवर खांबाला बाण असतो. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा असेल तर घोडा आणि सायकलसुद्धा नेता येते. वहिवाटीच्या भांडणात तुमची निम्मी नोकरी गेली, तेव्हा तुम्हाला हे बघून समाधान वाटेल की हेवा, सांगता येत नाही.

पण या बाणांनी आम्हाला एकदा चांगलंच फसवलं. 'सार्वजनिक पायवाट' अशी पाटी बघून आम्ही निघालो. दहा मिनिटांत समोर गडगा. आपल्याकडे असतो तसाच, चुना नाही, माती नाही, दगडावर दगड रचलेला, माझ्या खांद्याइतका उंच. आणि तो ओलांडायला दोन्ही बाजूंनी लाकडी शिडी. याला इथे स्टाइल म्हणतात. मेंढ्यांना जमू नये आणि माणसांना जमावं, ही कल्पना. विनय बाबागाडी डोक्यावर घेऊन चढला, मी ईराला कडेवर घेऊन. पलीकडे उतरलो तर चार शेतं सोडून आणखी एक गडगा, आणखी एक शिडी. त्या दिवशी कळलं की पाटीचा अर्थ 'जायला हक्क आहे' एवढाच, 'जायला सोपं आहे' असा नाही.

त्यानंतर शेजारच्या आजींनी सांगितलं की राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी बिनशिडीच्या वाटा वेगळ्या काढून ठेवल्यात. त्यांचं नाव 'माइल्स विदाउट स्टाइल्स', आणि प्रत्येक वाटेची प्रतवारी: 'सर्वांसाठी', 'बऱ्याच जणांसाठी' आणि 'काही जणांसाठी'. 'सर्वांसाठी' म्हटलेल्या वाटेवर चाकाची खुर्चीही जावी, म्हणून चढ दहास एकच्या वर नसतो आणि खडी अगदी बारीक, दाबून बसवलेली. बाबा, तुम्ही लेव्हल घेऊन तपासायला निघाल हे मला माहीत आहे, पण ते राहू दे.

पहिल्या दिवशी तुम्हाला टार्न हाऊझला नेणार. तळ्याभोवती जेमतेम तीन किलोमीटरची फेरी, जिथून सुरू तिथेच शेवट. मधेमधे थोडा चढउतार आहे, पण वाट रुंद आणि बाकंही आहेत. हे तळं आहे तसं देवाने केलेलं नाही. आधी तिथे तीन लहान टार्न होती. एकोणिसाव्या शतकात जमिनीच्या मालकाने बांध घालून त्यांचं एक केलं आणि भोवती झाडं लावली. पुढे १९३० साली ती मालमत्ता बिआट्रिक्स पॉटरबाईंनी घेतली. ईराच्या सशाच्या पुस्तकाच्या लेखिका, त्याच. निम्मी जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला, म्हणजे अशा जागा जपणाऱ्या संस्थेला, विकली, आणि १९४३ मध्ये गेल्यावर तर चार हजारांहून जास्त एकर मृत्युपत्राने दिली. त्यात एक अट मला फार आवडते. शेतांवर मेंढ्या हर्डविक जातीच्याच ठेवायच्या.

हर्डविक तुला आवडतील, आई. पिल्लू जन्मतं काळंकुट्ट, मोठं होता होता अंगाची लोकर राखाडी होते आणि तोंड पांढरंशुभ्र. चेहऱ्यावर कायम एक सौम्य हसू. तळ्याकाठी एक मेंढी आमच्या बाकापासून हातभर अंतरावर येऊन चरायला लागली. गवत तोडतानाचा करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि पाठीवर मालकाच्या खुणेचा रंगाचा पट्टा. डोंगरावर कुंपण नसलं तरी या आपली हद्द सोडत नाहीत. आईच्या मागे फिरून पिल्लू ती हद्द शिकतं. मोजणीदार लागत नाही!

दुसरी वाट केझिक गावची. तिथल्या डरवेंटवॉटर तळ्याच्या होड्यांच्या धक्क्यापासून फ्रायर्स क्रॅग नावाच्या टोकापर्यंत दहा-पंधरा मिनिटं, जवळजवळ सपाट. टोकाशी उभं राहिलं की तळं, त्यातली झाडीची बेटं आणि मागे डोंगर, सगळं एका नजरेत. एवढ्यावर आई परत फिरली तरी तिने काही गमावलं असं होणार नाही. दम असेल तर होडी पकडायची. ही लाँच तळ्याभोवती धक्क्याधक्क्याला थांबत फिरते, आपल्याकडच्या एसटीसारखी. हॉझ एंडला उतरायचं, काठच्या ब्रँडलहाऊच्या झाडीतून चालायचं आणि पुढच्या धक्क्यावरून परत होडीत. गुडघ्याने कुरकुर केली तर वाटेत धक्का येतोच, ही मोठी सोय. ब्रँडलहाऊचं रान १९०२ मध्ये नॅशनल ट्रस्टने लोकवर्गणीतून विकत घेतलं. या भागातली त्यांची ती पहिली जागा. तिथे मुळं वर आलेली आहेत, म्हणून काठी हवीच.

तिसरी वाट बाबांसाठी राखून ठेवलीय, कारण ती रेल्वेची आहे. केझिक ते थ्रेलकेल्ड, पाचेक किलोमीटर. ग्रेटा नदीवरून पुन्हा पुन्हा पूल ओलांडत जाणारा जुना लोहमार्ग. गाडी १९७२ मध्ये बंद झाली, रूळ निघाले, वाट उरली. डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळात नदीने दोन पूल उचलून नेले. त्या वादळात इथल्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस झाला, जो या देशातला विक्रम आहे. सगळं सावरायला पाच वर्षं गेली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये वाट पुन्हा खुली झाली. यावेळी डांबर टाकलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. रानात डांबर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, पण तिथे एक आजोबा चाकाच्या खुर्चीत बसून, कुणी न ढकलता, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत पुलाच्या मध्यापर्यंत आले आणि नदीकडे बघत बसले. मग मी डांबराबद्दल बोलायचं सोडलं. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे इथे चढ जाणवतसुद्धा नाही. परतीला बस आहे.

ग्रासमिअर ते रायडल ही वाट मात्र आईला नाही. तिला कॉफिन रूट म्हणतात. जुन्या काळी रायडलकडची प्रेतं याच वाटेने खांद्यावरून ग्रासमिअरच्या चर्चला नेत. पेटी टेकवायला ठेवलेला सपाट दगड अजून आहे. खांदेकऱ्यांना विसावा लागतो तो इथेही लागायचाच. वाट दगडांची आणि वरखाली होणारी आहे. बाबा आणि विनय जातील. आई, तोवर आपण तिघी ग्रासमिअरच्या त्याच चर्चच्या आवारात बसू. वर्डस्वर्थ कवीची कबर तिथेच आहे. शेजारी १८५४ पासूनचं जिंजरब्रेडचं इवलंसं दुकान. आलेपाक आणि नानकटाईचं लग्न लावल्यासारखी चव. बाबांसाठी उरलं तर ठेवू.

पावसाचं सांगून ठेवते. बरॉडेल दरीतलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यांत पावसाळी वस्तीचं गाव, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. आकडा ऐकून महाबळेश्वर हसेल, पण इथला पाऊस ऋतू पाळत नाही. मेअखेरीस येताय म्हणून स्वेटर घरी ठेवू नका, आणि छत्री आणू नका, वाऱ्यात उलटते. अंगभर रेनकोट इथे आहेत. अंधाराची घाई नाही, तेव्हा साडेनऊपर्यंत उजेड असतो. गवतात गोचीड असते, म्हणून पँट मोज्यात खोचायची. दिसायला वाईट दिसतं, पण सगळेच तसे दिसतात.

बाबा, सोबत नकाशाची झेरॉक्स ठेवलीय. लाल पेन्सिलीने मारलेल्या वाटा आईच्या, निळ्या तुमच्या. लांबी दोऱ्याने मोजून बघालच.

आता एक काम. आई नेहमीच्या सपाता घालून येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तिच्यासाठी इथेच बूट घेऊन ठेवते. तिला माप विचारू नका, ती वीस वर्षांपूर्वीचं सांगेल. तिचं पाऊल कोऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारा आणि तो कागद पाठवा. दोन्ही पावलांची मारा. आणि संध्याकाळी मारा, दिवसभर उभं राहून पाऊल फुगलेलं असतं तेव्हाची.

तुमची,
माऊ